खेकड्याची पाठ एवढी कडक, तरी तो अपृष्ठवंशीय कसा?

तुमचे तीन प्रश्न आहेत. सहावीतल्या मुलीने पेपरात खेकडा पृष्ठवंशीयांच्या रकान्यात लिहिला, मार्क गेला, आणि आता ती अडून बसलीय की त्याची पाठ दगडासारखी असताना पृष्ठवंश नाही कसा. दुसरं, पहिल्या पावसानंतर मळ्यात तिने गांडूळ म्हणून जे उचललं त्याने जीभ बाहेर काढली; तुमच्या वडिलांनी लांबूनच सांगितलं की हा वाळा साप आहे. हाडं न बघता आजोबांना ते कळलं कसं? आणि तिसरा प्रश्न तुमचा स्वतःचा: सगळ्या प्राण्यांचे दोनच भाग, त्यातही एकात मूठभर आणि दुसऱ्यात उरलेलं सगळं जग, ही कसली वाटणी?

मी खानदेशातल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला येणारी पोरंसुद्धा खेकड्याचा हाच गोंधळ घेऊन येतात, त्यामुळे मुलीला बोलू नका. तिने डोकं चालवलंय. शाळेत आपण याद्या पाठ करून घेतो: गाय, चिमणी, बेडूक, मासा इकडे, झुरळ, गांडूळ, गोगलगाय तिकडे. यादीत नसलेला प्राणी समोर आला की मूल जे दिसतं त्यावर जातं, आणि दिसतो तो कडकपणा. म्हणजे अडचण कुठला प्राणी कुठल्या यादीत ही नाहीच. जनावर समोर आल्यावर बघायचं काय, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

उत्तरात किती खोल जायचं ते मात्र इयत्तेवर अवलंबून आहे. सहावी-सातवीपुरते दोन रकाने पुरतात. दहावीला पुस्तक वेगळी रेघ मारतं आणि नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करायची असेल तर त्या रेघेच्या पोटात शिरावं लागतं. मी आधी पहिलं सांगतो, दहावीचं शेवटी.

पृष्ठवंश म्हणजे काय हे कळायला रोहू, कटला, मरळ, मिळेल तो मासा आणा. जेवण झाल्यावर मधला काटा टाकू नका. शेपटीकडचा तुकडा पाण्यात उकळा, मांस निघून येतं आणि मणके सुटे होतात. एक मणका बोटांत धरून नीट बघायला सांगा. पुढून आणि मागून, दोन्ही अंगांना त्याला खोलगट खळगा असतो. वरच्या बाजूला हाडाची छोटी कमान असते आणि कमानीखाली आरपार भोक. उदबत्तीची काडी त्या भोकातून घातली तर चार-पाच मणके एकामागे एक ओवले जातात. जिवंत माशात या बोगद्यातून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू शेपटीपर्यंत जातो. शेपटीकडच्या मणक्यांना खालूनही तशीच कमान असते, तिच्यातून रक्तवाहिन्या जातात. वरून मज्जा, खालून रक्त, मधे मणका, ही मांडणी एकदा डोळ्याने बघितली की विसरत नाही.

त्या खळग्यांत ताज्या माशात बुळबुळीत गर असतो. तो आहे पृष्ठरज्जूचा अवशेष. माशाच्या काय किंवा आपल्या काय, गर्भात आधी पाठीच्या बाजूने लवचीक दांड्यासारखा पृष्ठरज्जू तयार होतो आणि मग त्याच्याभोवती मणके बनतात. माणसात तो जवळजवळ संपतो. दोन मणक्यांमधल्या चकतीच्या मध्यभागी जो मऊ गर असतो, तेवढी त्याची खूण उरते. स्लिप डिस्क होते तेव्हा बहुतेक वेळा हाच गर जागा सोडून बाहेर येतो. घरात मासे चालत नसतील तर काही बिघडत नाही. शेतकऱ्याच्या घरात कुणाचा तरी कमरेचा एक्स-रे कपाटावर पडलेला असतोच, तो उजेडासमोर धरा.

म्हणजे पृष्ठवंश म्हणजे कडक पाठ नव्हे. मांसाच्या आत, आतड्याच्या वरच्या बाजूला, सुट्या तुकड्यांची साखळी असते आणि तिने मज्जारज्जूला कवेत घेतलेलं असतं, तो पृष्ठवंश. तो कडक असायलाच हवा असंही नाही. शार्कचा सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानाच्या वरच्या भागात असते त्या जातीच्या पदार्थाचा, तरी शार्क पक्का पृष्ठवंशीय. बोंबलाची हाडं इतकी मऊ की ताजा बोंबील हातात धरला तर लोळागोळा होतो. तोही पृष्ठवंशीय.

आता खेकडा. पांझरा, गिरणा, तापीच्या काठी किंवा सातपुड्याच्या पायथ्याला पहिल्या पावसात हे रस्त्यावर येतात, तुम्हाला नवीन नाही. स्वयंपाकघरात खेकडा साफ करताना मुलीला शेजारी बसवा. पाठीचं कवच उचकटलं की झाकणासारखं निघून येतं. खाली काय दिसतं? दोन्ही बाजूंना पिसासारखे कल्ले, मधे पिवळसर मऊ भाग, खाली पातळ पडद्यांनी पाडलेले कप्पे आणि त्यांत भरलेलं मांस. मणका शोधा म्हणावं. सापडणार नाही, कारण आत एकही हाड नाही. ते कप्प्यांचे पडदेसुद्धा बाहेरच्या कवचाच्याच आत वळलेल्या घड्या आहेत. आपलं मांस हाडाला बाहेरून चिकटतं, खेकड्याचं कवचाला आतून. नांगीतलं मांस ओढल्यावर मधून जी चपटी पात निघते तिला लोक हाड म्हणतात, पण तीही कवचाचीच आत गेलेली घडी.

आणि मज्जारज्जू? तो पोटाच्या बाजूला. गांडूळ, झुरळ, टोळ, कोळी, विंचू, सगळ्यांची मुख्य मज्जारज्जू पोटाकडून जातो आणि हृदय किंवा मुख्य रक्तवाहिनी पाठीकडून. आपलं नेमकं उलटं. फ्रान्समध्ये झोफ्रॉय सेंत-हिलेर नावाच्या शास्त्रज्ञाने 1822 मध्ये शेवंडासारखा (लॉबस्टर) प्राणी उताणा ठेवून दाखवलं की असा ठेवला तर आतली मांडणी आपल्यासारखी दिसते. तेव्हा त्याची चेष्टा झाली. 1990 च्या दशकात माशी आणि बेडूक यांच्या जनुकांवर काम झालं तेव्हा कळलं की शरीराची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरवणारी जनुकं दोघांत एकाच घराण्यातली आहेत, फक्त उलट बाजूंनी काम करतात. माणूस चक्क बरोबर निघाला. हे सहावीला विचारत नाहीत, पण मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

बाहेरच्या कवचाची किंमतही मोजावी लागते. कवच वाढत नाही, आतला प्राणी वाढतो. मग खेकडा कात टाकतो. मागच्या बाजूने कवच उकलतं आणि तो त्यातून मागे सरकत बाहेर येतो. टाकलेली कात हाती लागली तर ती जपून ठेवा, कारण तो पूर्ण खेकडाच वाटतो: पाय, नांग्या, डोळ्यांवरचं आवरण, कल्ल्यांवरचं अस्तर, इतकंच नाही तर जठराच्या आतलं अस्तरसुद्धा तिच्यात असतं. बाहेर आलेला खेकडा काही काळ पिठाच्या गोळ्यासारखा मऊ असतो, म्हणून बिळात दडून राहतो. इथे मुलं लगेच विचारतात की सापही कात टाकतो, मग? साप फक्त कातडीचा वरचा पातळ थर टाकतो. त्याच्या कातीतून एक मणकाही बाहेर पडत नाही, कारण हाडं आतच राहून वाढतात. मोठं आकारमान घेऊन जमिनीवर चालायचं तर आतला सांगाडा फार उपयोगी पडतो. हत्तीएवढा खेकडा कात टाकल्यावर स्वतःच्या वजनाने चेपून जाईल.

आजोबांनी वाळा कसा ओळखला हे आता सोपं जातं. मणके दिसत नाहीत, पण मणक्यांमुळे चाल बदलते आणि चाल दिसते. गांडूळ आखडतं आणि लांबतं. पुढचा भाग बारीक होऊन पुढे जातो, मग जाड होतो, मागचा ओढला जातो. त्याला आत ताठ काहीच नाही, पाण्याने भरलेली वलयं आहेत. वाळ्याला लांबता येत नाही. मणक्यांची साखळी आहे, तिची लांबी ठरलेली, म्हणून तो डावी-उजवीकडे वळणं घेत सरकतो, आणि गांडुळापेक्षा बराच चपळ. जवळून बघितलं तर गांडुळावर स्पष्ट वलयं आणि अंग ओलसर. वाळ्यावर बारीक चकचकीत खवले आणि अंग कोरडं. डोळे खवल्याखाली दोन काळे ठिपके. जीभ काढली की विषयच संपला, गांडुळाला जीभ नसते. आमच्याबरोबर फिरायला आलेल्या शिरपूरकडच्या एका पोराने पानांखालचा वळवळणारा दोरा दोन पावलांवरून बघितला आणि ओरडला, "सर, हाऊ साप शे!" त्याने पुस्तक वाचून नाही, चाल बघून सांगितलं. वाळ्याची आणखी एक गंमत अशी की या जातीत फक्त माद्याच आढळतात. नराशिवाय अंडी घालतात.

जिवंत गांडूळ हातावर घेऊन पाठीकडून बघा. कातडीतून एक गडद रेघ लांबवर जाताना दिसते आणि थोडं थांबलात तर ती मागून पुढे आकसत जाताना दिसते. ती मुख्य रक्तवाहिनी, पाठीकडून जाणारी. मघाशी सांगितलेल्या उलट्या मांडणीचा हा पुरावा काहीही न कापता मिळतो. कापाकापी तर करूच नका, आम्हीही कॉलेजात आता करत नाही.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. वाळा निरुपद्रवी आहे, पण "मणके आहेत का बघू" म्हणून कुठलाही साप हातात घेणं हा प्रयोग नव्हे. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसे चारही आहेत आणि मण्यारचं पिल्लू बारीकच असतं. लांबून चाल बघा, घरात असेल तर सर्पमित्राला बोलवा. साप, घोरपड, कासव हे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. मुलांना दाखवायला म्हणून डब्यात ठेवणंही गुन्हाच.

बाकीचे नेहमीचे फसवे प्राणी पटापट सांगतो. आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या दुकानासमोर उभे राहा: बोंबील आणि जवळा एकाच फडक्यावर असतात. बोंबील मोडला की मधे मणक्यांची काडी दिसते. जवळा मोडला की नुसतं टरफल. जवळा झिंग्याच्या घराण्यातला, म्हणून खेकड्याचा भाऊबंद. वाम सापासारखी दिसते पण मासा आहे, म्हणजे पृष्ठवंशीयच. गोम आणि वाणी यांचं अंग पेरापेरांचं असल्यामुळे मुलं ती पेरं म्हणजे मणके समजतात. ती बाहेरच्या कवचाची पेरं आहेत, आत काही नाही. बेडकाचं पिल्लू शेपटीवालं आणि बिनपायाचं असलं तरी पहिल्या दिवसापासून पृष्ठवंशीय. कपाशीतली गुलाबी बोंडअळी आणि तिचा पतंग दोन्ही अपृष्ठवंशीय. कासव आणि गोगलगाय ही जोडी मात्र थोडं थांबून बघण्यासारखी आहे. दोघांच्या पाठीवर घर आहे असं आपण म्हणतो, पण कासवाच्या रिकाम्या कवचाच्या आतल्या बाजूला मधोमध मणक्यांची रांग दिसते आणि तिच्यापासून निघालेल्या बरगड्या कवचात मिसळलेल्या दिसतात. कवच हा त्याच्या सांगाड्याचा भाग आहे. गोगलगाईचा शंख चुन्याचा, अंगातून स्रवलेला. आत बघितलं तर गुळगुळीत पोकळी.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर कडक की मऊ, लांब की आखूड, पाय किती, हे बघू नका. आत सांगाडा आहे का, तो पाठीच्या बाजूला आहे का, तुकड्यातुकड्यांचा आहे का, एवढं बघा. दिसत नसेल तर चालीवरून आणि कातेवरून अंदाज बांधा.

आता तुमचा तिसरा प्रश्न. वाटणी विषम आहे हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि मला वाटतं शाळेत ही गोष्ट उघडपणे सांगायला हवी. नाव देऊन नोंदलेल्या प्राण्यांच्या जाती साधारण 15 लाखांच्या घरात आहेत. त्यात पृष्ठवंशीय सुमारे 70 हजार, म्हणजे शंभरात पाचही नाहीत. त्या 70 हजारांत निम्मे मासे. पक्षी 11 हजारांच्या आसपास, आणि आपण ज्यात मोडतो ते सस्तन प्राणी साडेसहा हजार. उलट एकट्या कीटकांच्या जाती 10 लाखांवर.

पण आकड्यांपेक्षा मोठी भानगड वेगळी आहे. पृष्ठवंशीय हे एक खरंखुरं कूळ आहे. सगळे एकाच पूर्वजापासून आले, म्हणून सगळ्यांचे मणके एका पद्धतीचे. अपृष्ठवंशीय हे कूळच नाही. सावद्याच्या बाजारात कुणी मालाचे दोनच ढीग केले, एक केळीचा आणि दुसरा "केळी सोडून बाकी", तर दुसऱ्या ढिगात दादर ज्वारी, कापूस, भरताची वांगी आणि मिरची एकत्र पडतील. ढीग मोठा होईल, पण त्यातल्या वस्तूंचं एकमेकांशी नातं काय? फक्त एवढंच की त्या केळी नाहीत. गोगलगाय, तारामासा, जळू आणि फुलपाखरू यांचं तसंच आहे. त्यातही तारामासा जनुकांच्या आणि गर्भवाढीच्या हिशेबाने फुलपाखरापेक्षा तुमच्या-माझ्या जास्त जवळचा आहे. तरी त्याला टाकलाय फुलपाखराच्या ढिगात.

असं झालं कारण वर्गीकरण करणारी माणसं होती आणि माणसाने स्वतःच्या नातलगांकडे आधी बघितलं. अॅरिस्टॉटलने रक्त असलेले आणि रक्त नसलेले अशी विभागणी केली होती. रक्त म्हणजे त्याच्या लेखी लाल रक्त. ती ढोबळमानाने आजच्या रेघेशी जुळते, पण फावड्याने गांडूळ तुटलं की लाल रक्त दिसतं, तिथे ती फसते. 1758 मध्ये स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने प्राण्यांचे सहा वर्ग केले. त्यातले चार आपल्या बाजूचे, आणि उरलेल्या अफाट दुनियेला दोनच: कीटक आणि कृमी. कृमी म्हणजे जे कुठेच बसत नाही ते सगळं. पॅरिसच्या संग्रहालयात 1793 मध्ये लामार्क या शास्त्रज्ञाकडे नेमकं हेच कुणाला नको असलेलं खातं आलं. त्याने ते मनापासून निस्तरलं, आणि पृष्ठवंश असणारे आणि नसणारे ही भाषा त्याच्यामुळे रूढ झाली. पुढे 1817 मध्ये क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने पृष्ठवंशीयांना चारपैकी एक शाखा करून टाकलं, म्हणजे बाकीच्यांना तीन स्वतंत्र शाखा दिल्या. तेही आज जसंच्या तसं टिकलेलं नाही, पण दिशा बरोबर होती. आज अपृष्ठवंशीय हा शब्द सोयीसाठी वापरतात, आणि सोय म्हणून तो चांगला आहे. मीही वापरतो. शेतातल्या किडींवर बोलताना दर वेळी तीस-पस्तीस संघांची, म्हणजे प्राण्यांच्या मोठ्या गटांची, नावं कोण घेणार?

राहिलं दहावीचं. तिथे पुस्तक पृष्ठवंशाऐवजी पृष्ठरज्जू धरून रेघ मारतं: समपृष्ठरज्जू, म्हणजे तो असलेले, आणि असमपृष्ठरज्जू, म्हणजे तो नसलेले. मुलं, आणि खरं सांगायचं तर काही क्लासवालेही, या दोन जोड्या एकच समजतात. त्या एक नाहीत. सगळे पृष्ठवंशीय समपृष्ठरज्जू आहेत, पण सगळे समपृष्ठरज्जू पृष्ठवंशीय नाहीत. मधे दोन छोटे गट अडकतात. एक शीर्षसमपृष्ठरज्जू, म्हणजे अॅम्फिऑक्सस: समुद्राच्या वाळूत राहणारा काही सेंटिमीटरचा प्राणी, आयुष्यभर पृष्ठरज्जू आहे, मणका एकही नाही. दुसरा पुच्छसमपृष्ठरज्जू, म्हणजे हर्डमानियासारखे प्राणी. मोठेपणी हे खडकाला चिकटलेल्या थैलीसारखे दिसतात आणि पूर्वी लोक त्यांना मृदुकाय प्राण्यांत घालत. 1866 मध्ये रशियन शास्त्रज्ञ कोवालेव्हस्कीने त्यांचं पिल्लू बघितलं: बेडकाच्या पिल्लासारखं पोहणारं आणि शेपटीत पृष्ठरज्जू असलेलं. एका जागी बसल्यावर शेपटी जिरून जाते आणि पृष्ठरज्जूही. अॅम्फिऑक्सस दिसायला माशासारखा म्हणून तोच आपला जवळचा, असं बरीच वर्षं मानलं जायचं. 2006 मध्ये जनुकांचा हिशेब मांडला तेव्हा या थैलीवाल्यांचं नातं आपल्याशी जास्त जवळचं निघालं.

पेपरात याचा उपयोग असा. "समपृष्ठरज्जू पण अपृष्ठवंशीय प्राण्याचं उदाहरण द्या" असं आलं तर हर्डमानिया किंवा अॅम्फिऑक्सस लिहायचं. बॅलॅनोग्लॉसस लिहू नये, तो अर्धसमपृष्ठरज्जू संघातला, आणि तो संघ पुस्तकात असमपृष्ठरज्जूंच्या बाजूला आहे. पेट्रोमायझॉन आला तर तो पृष्ठवंशीयांत, चक्रमुखी वर्गात: जबडा नाही, कूर्चेचे अर्धेमुर्धे मणके आहेत, पण आहेत. सहावीच्या मुलीला यातलं काहीही आज सांगायची गरज नाही. तिला मासा आणि खेकडा शेजारी ठेवून दाखवा आणि मणका ती स्वतः शोधेल तेवढा वेळ द्या.